विजेवांचून माँट्रियल

कॅनडांतील क्वेबेक प्रांताला थंडीचें नावीन्य नाहीं. हिम पडणें हा तेथील ऋतूचा नित्यक्रम होय. रस्त्यांवरचें हिम दूर सारण्याची व्यवस्था, जाड कपडे, उबदार घरें, या सर्वांची सिद्धता तेथें पिढ्यान्‌पिढ्या होत आलेली आहे. असें असतांहि १९९८ सालच्या जानेवारींत या प्रांतावर जें संकट कोसळलें, त्यापुढें ही सिद्धता अपुरी ठरली. कारण त्या वेळीं आकाशांतून हिम पडलें नाहीं. पडला तो पाऊस.

हा पाऊस मोठा विलक्षण असतो. मेक्सिकोच्या आखाताकडून आलेली उष्ण व दमट हवा वरच्या थरांत पसरते. सेंट लॉरेन्स नदीच्या खोऱ्यांत मात्र जड, थंड हवा तळाशीं कोंडून राहते. वरून निघालेला थेंब या थरांतून येतांना गोठणबिंदूच्याहि खालीं निवतो, तरी द्रवरूपच राहतो; आणि फांदीला, तारेला वा छपराला स्पर्श होतांच त्याचा बर्फ बनतो. गार आपटते आणि गळून पडते. हा बर्फ चिकटतो आणि वाढत जातो. त्या वर्षीं असा पाऊस ५ जानेवारीपासून १० जानेवारीपर्यंत थांबून थांबून पडत राहिला. १९६१ सालच्या अशाच वादळांत माँट्रियल येथें ३० ते ४० मिलिमीटर पाऊस झाला होता. या वेळीं तो सुमारें १०० मिलिमीटर झाला.

बर्फाच्या भारानें प्रथम झाडें मोडलीं, मग लांकडी खांब वांकले, आणि अखेर पोलादी मनोरे कोसळूं लागले. तारांचा ताण दोन्ही बाजूंनीं सारखा असेल तोंवरच मनोरा स्थिर उभा राहतो. एक पडला कीं त्याच्या ओढीनें शेजारचा पडतो, आणि त्याच्यामागून तिसरा. अशा रीतीनें मनोऱ्यांच्या रांगाच्या रांगा भुईसपाट झाल्या. क्वेबेकमध्यें तीस लाखांहून अधिक लोक, म्हणजे प्रांताची जवळजवळ निम्मी वस्ती, विजेवांचून राहिली.

या संकटाची तीव्रता समजण्यास थोडा पूर्वेतिहास पाहिला पाहिजे. १९६२ सालीं मंत्री रने लेव्हेक यांच्या आग्रहावरून वीज-कंपन्या सरकारच्या मालकीच्या करण्याचा प्रश्न निवडणुकींत लोकांपुढें ठेवण्यांत आला, आणि लोकांनीं त्यास कौल दिला. पुढें दूर उत्तरेच्या नद्यांवर प्रचंड धरणें झालीं. तेथील वीज दक्षिणेस आणण्याकरितां १९६५ सालीं ७३५ किलोव्होल्ट दाबाची जगांतील पहिली वाहिनी याच प्रांतांत सुरू झाली. फ्रेंच भाषिकांच्या दृष्टीनें ही वीज केवळ सोय नव्हती. तो स्वाभिमानाचा विषय होता. ती मुबलक आणि स्वस्त असल्यामुळें बहुसंख्य घरांत तिच्यावरच ऊब निर्माण होऊं लागली, तिच्यावरच अन्न शिजूं लागलें, आणि लांकडाच्या शेगड्या अनेक घरांतून नाहींशा झाल्या.

याचा परिणाम ९ जानेवारी रोजीं, शुक्रवारीं, दिसून आला. माँट्रियल हें बेटावर वसलेलें शहर. त्याला वीज पुरविणाऱ्या पांच मुख्य मार्गांपैकीं त्या दिवशीं एकच शिल्लक राहिला. पुलांच्या कमानींवरून बर्फाच्या लाद्या पडूं लागल्यामुळें पूल बंद करावे लागले, आणि पाणी शुद्ध करणाऱ्या कारखान्यांची वीज गेली. सभोंवार अफाट नदी वाहत असतां शहराच्या नळांचें पाणी कांहीं तासांत संपेल अशी अवस्था आली. विजेचा पुरवठा त्या कारखान्यांना प्रथम मिळाला म्हणूनच तो प्रसंग टळला. पाणी उकळून प्यावें, अशी सूचना नागरिकांना देण्यांत आली. पण विजेची चूल बंद पडलेल्या घरांत पाणी उकळावयाचें कशावर, हा प्रश्न उरलाच.

शहराच्या आग्नेयेस, सेंत-इयासँत, ग्रॅनबी आणि सेंझां-सुर-रिशेल्यू या तीन गांवांमधील प्रदेशाला ‘काळा त्रिकोण’ हें नांव पडलें. तेथील कांहीं घरांत वीज परत येण्यास फेब्रुवारी उजाडला. गोपालकांची विशेष दैना झाली. यंत्रावांचून शेंकडों गाईंचें दूध काढणें अशक्य. काढलेलें दूध थंड ठेवण्याचीहि सोय नाहीं. तें ओतून द्यावें लागे. एकेक जनित्र या गोठ्यांतून त्या गोठ्यांत फिरत असे. बूशेरव्हिल येथें तर रेल्वेचें एक डीझेल इंजिन रुळांवरून उतरवून रस्त्यानें चालवीत नेलें, आणि त्याच्या विजेवर नगरभवन उजळलें.

ज्यांच्या घरीं जुनी लांकडाची शेगडी होती, त्यांच्याकडे शेजारीपाजारी राहावयास आले. इतरांनीं शाळा व सभागृहें यांत आश्रय घेतला. पंधरा हजारांहून अधिक सैनिक मदतीस धांवले. वृद्ध लोक घरें सोडण्यास तयार नसत. त्यांना दारोदार जाऊन समजवावें लागे. तरीहि कॅनडा व अमेरिका मिळून तीसहून अधिक माणसें दगावलीं. त्यांतील कांहीं गारठ्यानें, तर कांहीं ऊब मिळविण्याच्या धडपडींत बंद खोलींत सांठलेल्या विषारी वायूनें मरण पावलीं.

पुढें रॉजे निकोले यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी-आयोग नेमला गेला. मनोऱ्यांच्या रांगेंत ठराविक अंतरावर अधिक बळकट मनोरे उभारण्यांत आले, म्हणजे एक पडला तरी सारी रांग पडूं नये. इंजिनिअरांनीं घेतलेला हा धडा गृहस्थांनाहि लागू आहे. नव्या साधनांनीं जुनीं अडगळींत जातात, हें स्वाभाविकच आहे. परंतु ऊब, अन्न आणि पाणी हीं तिन्ही एकाच तारेवर अवलंबून ठेवलेल्या घरांत दुसरी एखादी वाट राखून ठेवणें, हा मागासलेपणा नव्हे. क्वेबेकच्या त्या थंड रात्रींत शेजारधर्म टिकून राहिला, तो बहुधा अशा एखाद्या जुन्या शेगडीभोंवतींच.