जुन्या घड्याळांवरील दीप्तिमान लेपाची पारख

जुन्या मनगटी घड्याळाच्या काट्यांवरील व तबकडीवरील अंधारात चमकणारा रंग कारखान्यात लावलेला मूळ रंग आहे की नंतर चढविलेला, हे ठरविण्याला दीप्तिमान लेपाची पारख म्हणतात. संग्राहकांच्या व्यवहारात घड्याळाची किंमत बऱ्याच अंशी या निर्णयावर अवलंबून असते. लेप रेडियमचा असल्यास प्रश्न आरोग्याचाही होतो. मराठीत अशा घड्याळाला सरसकट ‘रेडियमचे घड्याळ’ म्हणतात. मात्र वाहनांवरील परावर्तक पट्ट्यांनाही लोक ‘रेडियम’च म्हणत असल्याने या नावावरून काहीच सिद्ध होत नाही.

लेपाचे प्रकार

विसाव्या शतकाच्या आरंभी झिंक सल्फाइडच्या चूर्णात अत्यल्प रेडियम मिसळून हा लेप करू लागले. रेडियमच्या किरणोत्सर्गाने झिंक सल्फाइड चमकते. पण त्याच माऱ्याने ते हळूहळू निकामीही होते. रेडियमचे अर्धायुष्य मात्र सुमारे १,६०० वर्षे आहे. साठ वर्षांत त्यातील तीन टक्क्यांहूनही कमी भाग घटतो. म्हणजेच चमक विझलेल्या लेपातील रेडियम जवळजवळ जसेच्या तसे असते. अमेरिकेत ब्रशाला ओठांनी टोक काढून तबकड्या रंगविणाऱ्या अनेक तरुणी १९२० च्या दशकात या रेडियममुळे दगावल्या. १९६० च्या दशकात ट्रिटियमने रेडियमची जागा घेतली. त्याचे अर्धायुष्य १२.३ वर्षे असल्याने पन्नास वर्षांनी जेमतेम सहा टक्के ट्रिटियम उरते. १९९० च्या दशकापासून किरणोत्सर्ग नसलेले स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट रूढ झाले.

पारखण्याच्या खुणा

सर्वांत सोपी कसोटी प्रकाशाची. घड्याळावर क्षणभर विजेरीचा झोत टाकून अंधारात पाहिल्यास जुना लेप मुळीच चमकत नाही किंवा लवकरच मंदावतो. तो तासन्‌तास ठळक हिरवा उजळत राहिला, तर रंग अलीकडचा समजावा. गायगर गणित्राने रेडियम काचेबाहेरूनही कळते. ट्रिटियमचे दुर्बल किरण काच भेदत नाहीत. स्विस घड्याळांच्या तबकडीच्या तळाशी ‘स्विस’ शब्दाच्या दोन्ही बाजूंस रोमन ‘टी’ अक्षर असल्यास ते ट्रिटियमचे चिन्ह होय. अशी तबकडी गणित्राजवळ खडखडू लागली, तर तबकडी व काटे मुळात एकत्र नव्हते अशी शंका रास्त ठरते.

घड्याळ वर्षानुवर्षे बंद पडून राहिल्यास रेडियमच्या काट्यांखाली तबकडीवर त्यांच्याच आकाराचा तपकिरी डाग उमटतो. डाग आहे, पण काट्यांत किरणोत्सर्ग नाही, असे आढळल्यास काटे बदललेले असतात. भिंगाखाली ठिपक्यांबाहेर सांडलेला रंग, छापील खुणांवर चढलेला थर, काटे आणि अंक यांच्या छटांतील फरक हेही पाहावे. छटेवर एकट्याने विसंबू नये. दमट हवेने मूळ लेपही काळवंडतो, आणि नवा रंग मुद्दाम पिवळसर करून लावणारे कारागीर आहेत. याहून अवघड प्रकार म्हणजे त्याच काळात त्याच जातीच्या लेपाने झालेली दुरुस्ती. ती प्रकाशाच्या व गणित्राच्या कसोट्यांतून सुटते. तिथे भिंगच उपयोगी पडते.

भारतातील स्थिती

मुंबईत वेस्ट एन्ड आणि फाव्र-लूबा (प्रचलित उच्चार ‘फेवर लुबा’) या स्विस कंपन्यांचा व्यापार एकोणिसाव्या शतकातच सुरू झाला. १९६१ पासून एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूत घड्याळे बनविली. काळ्या तबकडीचे ‘पायलट’ त्यांपैकीच. ही घड्याळे घालण्यासाठी होती, जपून ठेवण्यासाठी नव्हे. त्यामुळे मेहकरसारख्या तालुक्याच्या गावी घड्याळजीने काट्यांना पुन्हा रंग देणे ही साधी दुरुस्ती होती. तिला बनावट म्हणणे अन्यायाचे ठरेल. तोच रंग मूळ म्हणून विकणे ही फसवणूक होय. नव्याने छापलेल्या तबकड्यांच्या जुळवाजुळवीच्या घड्याळांना परदेशी संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात.

दक्षता

रेडियमचा लेप असल्याची शंका असलेले घड्याळ घरी उघडू नये, काटे खरवडू नयेत. सुटलेले कण श्वासावाटे किंवा बोटांवाटे पोटात गेल्यास रेडियम कॅल्शियमप्रमाणे हाडांत साठते. तडकलेल्या काचेचे घड्याळ बंद पिशवीत, मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे.