हाडांत उरलेला पुरावा : सायबेरियाचा राजा, लंडनचे शवविच्छेदन आणि ट्रॉम्बेची अणुभट्टी (थ्रेड)

लातूर-नांदेड मार्गावरील चाकूरच्या परिसरात एखाद्या वयोवृद्ध पुरुषाची कंबर धरली, पाय ओढू लागले, की घरचे ‘वात’ म्हणतात आणि वयाचा धर्म म्हणून सोडून देतात. अशा काहींच्या कण्यात वाताऐवजी प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग उतरलेला असू शकतो. पुढे देहाचे दहन होते, अस्थी गोदावरीत जातात. इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर साक्षीदारच वाहून जातो. (लिंगायत व मुस्लिम समाजांत दफन होते, पण ती थडगी कोणी उकरत नाही, आणि उकरूही नये.)

म्हणून या रोगाचा प्राचीन पुरावा पाहण्यासाठी जेथे राजे पुरले जात तेथे, सायबेरियातील तुवा प्रांतात जावे लागते. आर्झान येथील शक राजाच्या दफनटेकडीचे उत्खनन २००१ ते २००३ या काळात झाले. सुमारे २० किलो सोने निघाले आणि जगाचे डोळे त्याच्यावरच खिळले. मात्र वैद्यकाच्या इतिहासकारासाठी खरा ठेवा होता राजाचा सांगाडा. इ.स.पू. सातव्या शतकातील हा चाळिशी-पन्नाशीतला पुरुष. त्याची हाडे ठिकठिकाणी रोगाने पालटलेली. २००७ मध्ये जर्मन संशोधकांनी त्या हाडांतून पीएसए हे प्रथिन वेगळे केले. आज प्रोस्टेटच्या तपासणीसाठी रक्तात शोधतात तेच हे प्रथिन. सुमारे सत्तावीसशे वर्षांनंतर झालेले हे निदान!

एवढा जुना रोग, पण वैद्यकाच्या नजरेला तो फार उशिरा पडला. १८५३ मध्ये लंडनचे शल्यविशारद जॉन ॲडम्स यांनी सूक्ष्मदर्शकाच्या आधारे त्याचे वर्णन केले आणि हा अत्यंत दुर्मीळ विकार आहे, असे नोंदवले. दुर्मीळ कसला! मूत्र अडले की ग्रंथी वयोमानाने वाढली असे म्हणण्याची रीत होती, आणि या रोगाच्या वयापर्यंत पोहोचणारी माणसेही तेव्हा कमी होती.

रोग हाडांतच का जातो, हा पुढचा प्रश्न. १८८९ मध्ये स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. रोग शरीरभर सारखा विखुरलेला नव्हता. काही अवयवांवर त्याचा विशेष रोख होता. पॅजेट यांनी दाखला दिला तो बी आणि जमिनीचा : बी चहूकडे उडते, रुजते मात्र मानवणाऱ्या जमिनीतच. चाकूरच्या शेतकऱ्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. वाफसा नसताना तिफण धरली तर बियाणे वाया जाते, हे तो जाणतो. दोनच वर्षांनी, १८९१ मध्ये, फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी प्रोस्टेटच्या रोगाची हाडे वर्णिली. येथे कर्करोगाने हाड खाल्ले एवढेच नव्हते, तर नवे हाड रचलेही होते.

१९४० मध्ये फिलाडेल्फियाच्या ऑस्कर बॅटसन यांनी मृतदेहांतील प्रोस्टेटलगतच्या शिरेत रंजकद्रव्य सोडले. ते कण्याभोवतीच्या शिरांच्या जाळ्यात शिरले. या शिरांना झडपा नाहीत. खोकला आला वा कुंथले की रक्त उलटही वाहते. त्यामुळे काहींना पॅजेट मोडीत निघाले असे वाटले. मला हा वाद फोल वाटतो. बॅटसन यांनी रस्ता दाखवला, पॅजेट यांनी जमीन. पीक येण्यासाठी दोन्ही लागतात.

आता त्या जमिनीत काय घडते ते पाहू. निरोगी हाड सतत पाडले आणि बांधले जाते. अस्थिभक्षक पेशी जुने कुरतडतात, अस्थिजनक पेशी नवे रचतात. कर्कपेशी मज्जेत येऊन रक्तनिर्मितीच्या मूळ पेशींची जागा बळकावतात आणि एंडोथेलिनसारखी रसायने सोडून अस्थिजनक पेशींना चेतवतात. मग विटांचा ढीग रचावा तसे, थरांची शिस्त नसलेले हाड उभे राहते. क्ष-किरणांत ते पांढरेशुभ्र, भक्कम दिसते. प्रत्यक्षात ठिसूळ असते. दुसरीकडे कुरतडणेही वाढलेले असते, आणि कुरतडलेल्या हाडातून सुटणारी वाढद्रव्ये कर्कपेशींनाच पोसतात. रोग हाडाला बदलतो, बदललेले हाड रोगाला वाढवते. मज्जा आक्रसल्याने रक्त कमी होते. कण्याचा मणका खचून मज्जारज्जू दाबला गेला तर पाय लुळे पडतात. म्हणून रात्री विश्रांतीतही न थांबणारी कंबरदुखी आणि पायांतली अशक्तता ‘वात’ म्हणून अंगावर काढू नये.

१९४१ मध्ये शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी दाखवले, की पुरुषी संप्रेरक रोखले तर हाडांत पसरलेला रोगही ओसरतो. त्यांना १९६६ मध्ये नोबेल मिळाले. त्याच १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. आपल्या कथेचा मुंबईतील धागा मात्र अणुशक्तीचा आहे. परळलाच १९६३ मध्ये रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले, आणि ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात १९८५ पासून ध्रुव अणुभट्टी चालू झाली. या केंद्राने हाडांच्या वेदनेवर समेरियम-१५३ आणि ल्युटेशियम-१७७ यांची किरणोत्सारी औषधे विकसित केली. त्यांची युक्ती विलक्षण आहे. ही औषधे नवे हाड रचले जात असेल तेथे साचतात. म्हणजे रोगाने जितके वेडेवाकडे बांधकाम केले असेल तितका त्याचाच पत्ता पक्का! रोग यामुळे समूळ जात नाही, पण वेदना शमते. समेरियमचा अर्धायुकाल सुमारे ४६ तास, ल्युटेशियमचा सुमारे ६.६५ दिवस. मुंबईहून दूरच्या रुग्णालयापर्यंत औषध धाडायचे तर हा फरक मोलाचा ठरतो.

उरतो प्रश्न साक्षीदाराचा. हाडे जळतात, पण कागद राहतो. १९६३ मध्ये मुंबईत देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदवही सुरू झाली. १९८७ मध्ये बार्शीला पहिली ग्रामीण नोंदवही. तिचे कार्यकर्ते गावोगाव फिरले, दुखणी विचारली आणि संशयितांना तपासणीस आणले. तिच्यात प्रोस्टेटची नोंद मुंबईच्या मानाने कमी दिसते. ती किती खरी आणि ‘वात’ या शब्दाआड किती दडलेली, हा अभ्यासाचा विषय आहे. त्या नोंदवहीचे मूळ क्षेत्र बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांचे. परांडा आणि भूम मराठवाड्यातले. चाकूर त्यात नाही.