प्रत, परवाना आणि कुलूप

ग्रंथालयाचा इतिहास लिहिताना बहुधा इमारत, देणगीदार आणि ग्रंथसंख्या यांचा वृत्तान्त दिला जातो. त्याच्या तळाशी आणखी एक इतिहास वाहत असतो, तो प्रतींचा. ग्रंथाची प्रत कोणी केली, कोणाच्या परवान्याने केली आणि कोणाचा निषेध असताना केली, यावर त्या ग्रंथाचे आयुष्य ठरत आले आहे. गोमंतकाच्या वाट्याला या इतिहासाचे जवळजवळ सर्वच टप्पे आले. आज पुस्तक कागदावरून पडद्यावर येत आहे आणि त्याबरोबर प्रतीवर एक नव्या प्रकारचे कुलूप बसत आहे. हे कुलूप व त्यामागील कायदा नीट समजावा, म्हणून आरंभ आपल्याच मातीतून करणे उचित ठरेल.

पेडणे महालातील पालये या गावाशी ज्यांच्या घराण्याचे नाते सांगितले जाते, ते संत सोहिरोबानाथ आंबिये यांचा जन्म १७१४ सालचा. त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग बांदा परिसरात गेला. त्यांच्या मुखातून स्फुरणारी पदे त्यांच्या भगिनीने उतरवून घेतली, असे परंपरा सांगते. पुढे ती पदे मठांतून, भजनी मंडळांतून आणि घरोघरच्या बाडांतून पसरली. लहियाने पोथी उतरवावी, शेवटी आपले नाव व तिथी घालावी आणि ती दुसऱ्याने पुन्हा उतरवावयास न्यावी, हा त्या काळचा रिवाज होता. तेथे प्रत करणे हा अपराध नव्हता. उलट ते पुण्यकर्म मानले जाई. सोहिरोबानाथांचे नाव आज पेडणे तालुक्यातील विर्नोडा येथील शासकीय महाविद्यालयाला दिलेले आहे. परंतु त्यांची वाणी आजवर पोचली ती त्या अनाम हातांनी केलेल्या नकलांमुळे.

त्या वेळी पेडणे आणि डिचोली हे दोन्ही महाल सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. अठराव्या शतकाच्या नवव्या दशकात ते पोर्तुगीज राज्यास जोडले गेले आणि नव्या काबिजादीत मोडू लागले. जुन्या काबिजादीतील तिसवाडी, बारदेस व सासष्टी या महालांची कहाणी मात्र वेगळी होती. १५५६ साली गोव्यात मुद्रणयंत्र आले, तेव्हा भारतात अन्यत्र कोठेही छापखाना नव्हता. १६१६ साली रायतूर येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापले गेले. १६४९ आणि १६५४ साली त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. ग्रंथ छापण्यास धर्माधिकाऱ्यांचे परवाने लागत आणि त्यांची नोंद ग्रंथाच्या आरंभीच येई. पुढे १६८४ साली विजरईने देशी भाषेचा त्याग करण्याचा हुकूम काढला. १७५४ साली तर लिस्बनहून गोव्यात छापखाना चालविण्यासच मनाई झाली. ही मनाई १८२१ साली सरकारी छापखाना सुरू होईपर्यंत टिकली.

या घटनाक्रमातून एक विलक्षण गोष्ट निदर्शनास येते. परवाने घेऊन, अधिकृतपणे छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’च्या त्या तीन आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो भाविकांनी हाताने केलेल्या नकलांमुळे. १९०७ साली मंगळूर येथे सालढाणा यांनी तो पुन्हा प्रसिद्ध केला, तोही हस्तलिखितांच्याच आधारे. याच न्यायाने, सोळाव्या शतकात जेझुइटांनी रोमन लिपीत उतरवून घेतलेल्या रामायण-महाभारतातील कथा आज पोर्तुगालमधील ब्रागा येथील सार्वजनिक ग्रंथालयात सुरक्षित आहेत. राज्यकर्ते बदलले, फर्माने रद्द झाली, छापखाने बंद पडले. जेथे जेथे कोणीतरी स्वतंत्रपणे एक प्रत सांभाळली, तेथे तेथे ग्रंथ मात्र तगला.

परवान्याचा हेतू राज्याचे व धर्माचे नियंत्रण हा होता. स्वामित्वहक्काचा, म्हणजे कॉपीराइटचा, हेतू अगदी निराळा आहे आणि तो न्याय्यही आहे. लेखकाने वर्षानुवर्षे खपून लिहिलेले पुस्तक दुसऱ्याने परस्पर छापून विकू नये, हे तत्त्व १८८६ च्या बर्न कराराने आंतरराष्ट्रीय केले. भारताचा आजचा कायदा १९५७ सालचा. त्यानुसार लेखकाच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क त्याच्याकडे व त्याच्या वारसांकडे राहतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती, ती १९९२ साली वाढविण्यात आली. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले, म्हणून त्यांचे साहित्य १ जानेवारी २०११ पासून सर्वांसाठी खुले झाले. गोमंतकाचे लाडके कवी बा. भ. बोरकर १९८४ साली निवर्तले, तेव्हा त्यांच्या काव्याचा हक्क २०४४ च्या अखेरीस संपेल. ग्रंथकाराला मोबदला आणि समाजाला वारसा, असा हा तोल आहे. हक्काला मुदत आहे, हे या तोलाचे मर्म होय.

छापील पुस्तकाच्या बाबतीत या कायद्याने वाचकाला आणखी एक मोकळीक ठेवली होती. पैसे मोजून घेतलेली प्रत त्याची होई. ती मित्राला द्यावी, जुन्या बाजारात विकावी, ग्रंथालयाला भेट द्यावी, कोणी आडकाठी करीत नसे. आपल्या ग्रंथालयांच्या कपाटांतील कितीतरी ग्रंथ अशा भेटींतूनच आलेले आहेत. गावोगावच्या वाचनालयांचा सारा संसार या मोकळिकीवर उभा राहिला.

संगणकाच्या आगमनाने हा तोल ढळला. डिजिटल ग्रंथाची नक्कल क्षणार्धात होते, खर्च शून्य आणि मूळ-नक्कल असा भेदही उरत नाही. प्रकाशकांची भीती निराधार नव्हती. मराठी पुस्तकाची आवृत्ती लहान असते आणि आज नव्या पुस्तकाची चोरटी प्रत भ्रमणध्वनीवरून गटागटांत फिरते, तेव्हा लेखक व प्रकाशक दोघांच्याही पोटावर पाय येतो. यावर उपाय म्हणून ग्रंथ, गाणी व चित्रपट यांवर सांकेतिक कुलपे बसविण्यात आली. कुलूप फोडता येते, हे दिसल्यावर ते फोडणे हाच गुन्हा ठरविण्याची मागणी पुढे आली. २० डिसेंबर १९९६ रोजी जिनीव्हा येथे त्यासंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. ऑक्टोबर १९९८ मध्ये अमेरिकेने डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायदा संमत केला. त्या कायद्यात कुलूप तोडणे हाच मूलतः गुन्हा मानला आहे. कोणत्या प्रसंगी सूट द्यावी, हे दर तीन वर्षांनी ठरवावे लागते आणि तो निर्णय तेथील काँग्रेसच्या ग्रंथालयाचा प्रमुख जाहीर करतो. कुलपाची किल्ली शेवटी एका ग्रंथपालाकडे मागावी लागावी, हा योगायोग ग्रंथप्रेमींना विचारात पाडणारा आहे.

या कायद्याचे परिणाम पुस्तकांपुरते राहिले नाहीत. छपाईयंत्रे बनविणाऱ्या लेक्समार्क या कंपनीने आपल्या शाईच्या नळकांड्यात चिप बसविली आणि जुळणारी चिप विकणाऱ्या दुसऱ्या कंपनीवर याच कायद्याखाली दावा लावला. २००४ साली अपील न्यायालयाने तो मान्य केला नाही. तो मान्य झाला असता, तर ग्रंथकारासाठी केलेला कायदा रिकामी कार्ट्रिज भरून देणाऱ्या दुकानदाराच्या धंद्यावर येऊन आदळला असता. २००५ साली सोनी बीएमजीच्या संगीत तबकड्यांनी ग्राहकांच्या संगणकांत गुपचूप एक आज्ञावली घुसविली. तिच्यामुळे संगणक असुरक्षित झाले आणि कंपनीला तबकड्या परत घ्याव्या लागल्या. पैसे देऊन तबकडी घेणाऱ्यालाच हा ताप झाला. चोरट्या प्रतीवर कुलूपच नसते, म्हणून चोरटा मात्र निश्चिंत राहिला. व्यापाऱ्यांनाही हे हळूहळू उमगले असावे. जानेवारी २००९ मध्ये ॲपलने आपल्या दुकानातील सर्व गाणी कुलपाविना विकण्याचे जाहीर केले आणि गाण्यांचा व्यापार त्यामुळे बुडाला नाही.

ग्रंथांच्या बाबतीत अनुभव अधिक बोलका आहे. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ या कादंबरीच्या विकलेल्या प्रती ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून परस्पर काढून घेतल्या. त्या प्रतींच्या विक्रेत्याकडे हक्क नव्हता, हे कारण खरे होते. पैसेही परत मिळाले आणि कंपनीच्या प्रमुखाने क्षमाही मागितली. परंतु विक्रेत्याने रात्रीत घरात शिरून कपाटातील पुस्तक न्यावे, असा प्रकार छापील ग्रंथाच्या युगात कल्पनेतही बसला नसता. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले ई-ग्रंथांचे दुकान बंद केले, तेव्हा विकलेले ग्रंथ उघडणेच थांबले. २०१६ च्या अखेरीस किंडलवर मराठी पुस्तके आली, त्याचे सर्वत्र स्वागत झाले. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये विकत घेतलेला ग्रंथ संगणकावर उतरवून ठेवण्याची जुनी सोयही त्या कंपनीने काढून घेतली. ग्राहक ज्याला खरेदी समजतो, ती कराराच्या बारीक अक्षरांत केवळ वाचनाची सवलत असते.

भारताने यात अधिक सावध पाऊल टाकले. २०१२ साली संसदेने केलेली दुरुस्ती त्याच वर्षी २१ जूनपासून अमलात आली. तिच्यातील कलम ६५-अ नुसार हक्कभंग करण्याच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंडाची शिक्षा आहे. येथे ‘हेतू’ हा शब्द महत्त्वाचा. कायद्याने ज्या गोष्टींस मनाई केलेली नाही, त्यांसाठी कुलूप काढणे गुन्हा ठरत नाही. दुसऱ्यास त्या कामी मदत करणाऱ्याने त्याचे नाव, पत्ता व प्रयोजन यांची नोंद ठेवावी, एवढी अट आहे. संशोधन, अध्यापन आणि खासगी अभ्यास यांच्या सवलती कलम ५२ मध्ये आहेत. त्याच कलमानुसार, नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या ग्रंथाची कागदी प्रत असल्यास जतनासाठी त्याची डिजिटल प्रत करून ठेवता येते. १९९६ च्या करारात भारत २०१८ साली सामील झाला, तरी कायद्याची ही चौकट कायम राहिली.

मात्र या चौकटीत एक उणीव आहे. कायद्याने दार उघडण्याची मुभा दिली आहे, किल्ली देण्याचे बंधन कोणावर घातलेले नाही. सभासदाला किंवा लहान ग्रंथालयाला कुलूप काढण्याचे तंत्र अवगत नसते. शिवाय जतनाची सवलत ज्याच्याकडे कागदी प्रत आहे, त्यालाच लाभते. जो ग्रंथ प्रथमपासून केवळ पडद्यावरच प्रसिद्ध झाला, त्याचे काय करावे, याचे उत्तर तेथे सापडत नाही. प्रकाशित ग्रंथाच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास व इतर नियुक्त ग्रंथालयांस पाठविण्याचे बंधन घालणारा १९५४ चा कायदाही छापील ग्रंथ डोळ्यांपुढे ठेवूनच केलेला आहे.

स्वतंत्र प्रतींची गरज का भासते, याचे एक उदाहरण डिचोलीच्याच नावाशी जोडलेले आहे. २००७ साली इंग्रजी विकिपीडियावर ‘डिचोली संघर्ष’ या विषयावर एक विस्तृत लेख आला. १६४०-४१ साली पोर्तुगीज व मराठे यांच्यात झालेल्या युद्धाचे वर्णन त्यात तपशीलवार होते आणि त्यास उत्तम लेखाचा दर्जाही मिळाला. ते युद्ध कधी झालेच नव्हते. पाच वर्षांनी एका जिज्ञासूने संदर्भ म्हणून दिलेली पुस्तके शोधावयास घेतली, तेव्हा ती अस्तित्वातच नसल्याचे उघड झाले आणि डिसेंबर २०१२ मध्ये लेख काढून टाकण्यात आला. खोटे उघडकीस आले ते मुळाशी जाऊन ग्रंथ तपासता येतो म्हणून. मूळ ग्रंथ एकाच कंपनीच्या कुलपात असेल आणि तो दुरून बदलता वा काढून घेता येत असेल, तर तपासणाऱ्याने जावे कोठे?

म्हणून या प्रश्नात ग्रंथालयाची भूमिका ग्राहकाच्या तक्रारीपेक्षा मोठी आहे. लेखकाचा हक्क त्याने मानलाच पाहिजे. चोरट्या प्रतीला त्याने थारा देता कामा नये. परंतु ई-ग्रंथ घेताना ती विक्री आहे की भाड्याची सवलत, हे विचारणे, शक्य तेथे कुलपाविना प्रत मागणे, महत्त्वाच्या स्थानिक ग्रंथांची कागदी प्रत आग्रहाने संग्रही ठेवणे आणि कलम ५२ ने दिलेल्या सवलतीचा लाभ घेऊन जुन्या, जीर्ण ग्रंथांच्या डिजिटल प्रती करणे, एवढे तर प्रत्येक ग्रंथालयाला करता येण्याजोगे आहे. सभासदांनी व आश्रयदात्यांनी ग्रंथखरेदीचा विचार करताना या गोष्टींकडे लक्ष पुरवावे, अशी अपेक्षा अस्थानी ठरणार नाही.

१ जानेवारी २०४५ रोजी बोरकरांची कविता कायद्याने सर्वांची होईल. त्या दिवशी ज्या ग्रंथालयाच्या कपाटात तिची कागदी प्रत असेल, ते ती निःशंकपणे उतरवू शकेल, छापू शकेल, पेडण्या-डिचोलीच्या शाळांतील मुलांच्या हाती देऊ शकेल. ज्याच्याकडे केवळ कुलपातील प्रत असेल, त्याला आधी हे पाहावे लागेल, की कुलूप घालणारी कंपनी अद्याप अस्तित्वात आहे काय आणि तिचे यंत्र अजून उघडते काय. कायद्याने दिलेला हक्क मुदत संपताच संपतो. कुलपावर मात्र कोणतीही तारीख लिहिलेली नसते.