खोडीच्या मागचा घोडा

घोडा चावला, उधळला किंवा पुढचे पाय उचलून उभा राहिला, की निकाल तिथल्या तिथे लागतो: जनावर खोडीचे आहे. मग चाबूक येतो, आणखी कडक लगाम येतो, नाहीतर गिऱ्हाईक शोधले जाते. अश्ववर्तनाचा अभ्यास हा निकाल जरा लांबणीवर टाकतो आणि विचारतो, खोड दिसण्याआधी काय घडले होते?

या अभ्यासाची प्रस्तावना नागपूरच्या महाल भागात बसून लिहिण्यात औचित्य आहे. नागपूरकर भोसल्यांचे राज्य घोडदळाच्या बळावर वाढले. 1742 पासूनच्या त्यांच्या बंगालवरील स्वाऱ्या याच बळावर झाल्या. बारगिराचा घोडा सरकारी असे, शिलेदाराचा स्वतःचा. घोडा गेला की शिलेदाराची रोजी जाई. आज महालाच्या गल्ल्यांत घोडा दिसतो तो मुख्यतः लग्नसराईत, नवरदेवाची घोडी म्हणून, आणि तिच्या मालकाचे गणित शिलेदाराहून फारसे वेगळे नाही.

वरातीतल्या घोडीकडे अभ्यासकाच्या नजरेने पाहा. घोडा पळून जीव वाचवणारा प्राणी. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, म्हणून त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. फक्त कपाळासमोरचा आणि शेपटीमागचा थोडा भाग दिसत नाही. वरातीत नेमकी तिथेच माणसे नाचत असतात. बँड, फटाके, डोळ्यांवर येणारे दिवे, दोन्ही अंगांना भिंती. पळायला वाट नसली की उरते लाथ, नाहीतर मागच्या पायांवर उभे राहणे. घोडी उभी राहते, घाबरून नवरदेवाला खाली उतरवतात, पाठीवरचे ओझे जाते. हा धडा ती विसरत नाही. पुढच्या वरातीत ती लवकर उभी राहील, आणि तिला ‘बिघडवले’ कोणी, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

लगामाचेही असेच. ओढ लागली, घोडा थांबला, त्या क्षणी हात सैल झाला तर थांबणे शिकले जाते. थांबूनही ओढ तशीच राहिली तर थांबण्यात त्याला काही लाभ नाही. मग तो मान वर फेकतो, लगाम दातांत धरतो, आणि त्याला तोंडाचा कठीण म्हणतात. माझ्या मते या शास्त्रातले निम्मे शहाणपण हात कधी सैल करायचा यात आहे. उरलेले बरेचसे दुखणे ओळखण्यात. घोड्याचे दात जन्मभर वर सरकत राहतात, त्यांच्या कडा धारदार होऊन गाल कापतात. खोगीर पाठीला लागते, नाल चुकीचा बसतो. काटेरी लगामाला 1965 च्या केंद्रीय नियमांनी मनाई केली, ती बिनकामाची नव्हे. मोकळा घोडा दिवसाचे चौदा-सोळा तास चरतो आणि त्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असते. दोन वेळचा तोबरा देऊन त्याला दिवसभर अगाडी-पिछाडीने बांधले, तर तो खुंटा चावतो, वारा गिळतो, एका जागी डोलत राहतो. अशा जनावराला शिकवायला घेण्याआधी पशुवैद्याने तपासलेले बरे. 1958 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय असलेल्या शहरात हे अवघड नसावे.

जुन्या शालिहोत्रात, म्हणजे अश्वशास्त्रात, अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांवरून स्वभाव सांगितला आहे. त्यावर मी घोडा विकत घेणार नाही. पण ती माणसे घोडा केसाकेसाने न्याहाळत होती, हे मानावेच लागेल. न्याहाळण्यात घोडाही कमी नाही. बर्लिनचा हान्स नावाचा घोडा टापा आपटून गणिते सोडवी. 1907 मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवले, की तो प्रश्नकर्त्याच्या डोक्याची बारीकशी हालचाल टिपून थांबत असे. लगाम धरणाऱ्याने श्वास रोखला, खांदे आवळले, तर घोडीला ते कळते.

या विषयावरचे बहुतेक संशोधन परदेशातल्या स्वारीच्या आणि शर्यतीच्या घोड्यांवर झाले आहे. वरातीची घोडी, माथेरानचा पर्यटकांचा घोडा, सारंगखेड्याच्या घोडेबाजारात दिवसचे दिवस अनोळखी घोड्यांशेजारी बांधलेले शिंगरू, यांच्याविषयी लिहिलेले फार थोडे सापडते. त्यासाठी विद्यार्थी हवेत, तसेच साईस आणि नालबंदही हवेत. त्यांचे निरीक्षण कागदावर उतरलेले नाही इतकेच. सुरुवात एका वहीने करता येईल: घोडी कुठे बुजली, किती वाजता, त्याआधी काय वाजले, लगाम कोणाच्या हातात होता, आणि त्या दिवशी ती पाणी केव्हा प्यायली.