हिंगोलीच्या कानी पडलेली इंग्रजी : पलटणीपासून बारावीच्या तोंडी परीक्षेपर्यंत

१/ हिंगोली शहरात पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही वस्त्यांची नावे आजही रूढ आहेत. बारावीच्या इंग्रजीची तयारी करणारी मुलेमुली याच वस्त्यांतून कनिष्ठ महाविद्यालयात जातात. श्रवण आणि वाचन या दोन कौशल्यांची आज परीक्षा घेतली जाते. पण या गावात त्यांचा इतिहास एका लष्करी छावणीपासून सुरू होतो.

२/ एकोणिसाव्या शतकात हिंगोली हे निजामाच्या राज्यातील एक महत्त्वाचे लष्करी ठाणे होते. येथे हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या तुकड्या असत. शिपाई एतद्देशीय, वरचे अधिकारी इंग्रज आणि खर्च निजामाच्या खजिन्यातून, अशी त्या फौजेची रचना होती. हा खर्च थकल्यामुळेच १८५३ च्या तहाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात गेला. १९०३ मध्ये ही फौज ब्रिटिश हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन झाली आणि हिंगोलीची छावणी उठली.

३/ छावणी उठली, पण शब्द मागे राहिले. ‘पलटण’ हा शब्द परकीय लष्करी शब्दाचे कानाने घडवलेले रूप आहे. ‘रिक्रूट’चा ‘रंगरूट’ झाला, ‘ऑर्डर्ली’चा ‘अर्दली’ झाला. पहारेकऱ्याच्या ‘हू कम्स देअर’ या हाकेचे ‘हुकुमदार’ झाले. हे शब्द एकट्या हिंगोलीत घडलेले नाहीत. देशभरातील छावण्यांनी ते घडवले. ते स्वीकारणाऱ्या शिपायाने इंग्रजीचे एकही अक्षर वाचलेले नव्हते. त्याने भाषा ऐकली, तिचा अर्थ प्रसंगावरून ओळखला आणि ती आपल्या उच्चारात बसवली.

४/ शाळेतली इंग्रजी मात्र याच्या अगदी उलट मार्गाने आली. ब्रिटिश हिंदुस्थानात मेकॉलेचे टिपण १८३५ चे, वुडचा खलिता १८५४ चा आणि मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. विद्यापीठाची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ मध्ये झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्याच पहिल्या तुकडीत उत्तीर्ण झाले. पुढे मॅट्रिक ही नोकरीची किल्ली ठरली आणि इंग्रजी हा त्या किल्लीचा सर्वांत कठीण दात ठरला.

५/ हिंगोली या मुंबई इलाख्यात नव्हती. निजामी राज्याची राजभाषा १८८० च्या दशकात फारसीऐवजी उर्दू झाली. १९१८ मध्ये हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ उभे राहिले. उच्च शिक्षण एका भारतीय भाषेतून देण्याचा तो मोठा आणि धाडसी प्रयोग होता. पाश्चात्त्य विद्यांचे ग्रंथ उर्दूत आणण्यासाठी स्वतंत्र भाषांतर विभाग स्थापन झाला. इंग्रजी मात्र अनिवार्य विषय म्हणून कायम राहिली.

६/ परभणी, हिंगोली, वसमत, कळमनुरी या भागातील मराठी मुलांपुढे त्यामुळे तिहेरी पेच उभा राहिला. घरात मराठी, माध्यमिक शाळेत उर्दू आणि परीक्षेत इंग्रजी. प्राथमिक इयत्तांत मातृभाषेला काही वाव होता. वरच्या इयत्तांत तो आक्रसत गेला. इंग्रजी शब्दाचा अर्थ प्रथम उर्दूत ऐकायचा, मग मनात मराठीत उतरवायचा आणि पुन्हा इंग्रजीत लिहायचा, अशी ही द्राविडी प्राणायामाची वाट होती. ज्या थोड्यांना ती चालता आली, तेच पुढे गेले.

७/ राष्ट्रीय शाळांची चळवळ या कोंडीतूनच जन्मली. १९२१ मध्ये स्थापन झालेल्या हिप्परगा येथील शाळेत स्वामी रामानंद तीर्थांनी अध्यापन केले. १९३८ मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हणण्याच्या हक्कासाठी विद्यार्थ्यांनी आंदोलन छेडले आणि उस्मानिया विद्यापीठाने अनेकांना काढून टाकले. त्यांच्यापैकी पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. उर्दूतून शिकलेल्या या तरुणांना आता इंग्रजी व्याख्याने ऐकून विषय समजून घ्यावे लागले. श्रवणकौशल्य ही त्यांच्यासाठी गुणांची बाब नव्हती. शिक्षण चालू राहणार की सुटणार, हा प्रश्न होता.

८/ १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात आले. त्यानंतर उस्मानिया विद्यापीठात उर्दूच्या जागी इंग्रजी माध्यम आले. स्वातंत्र्याबरोबर इंग्रजीचे वजन कमी होईल अशी देशात चर्चा होती. मराठवाड्यातील महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या वाट्याला मात्र त्याच वेळी अधिक इंग्रजी आली. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज आणि औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय, म्हणजे पुढचे मिलिंद महाविद्यालय, सुरू झाले. खेड्यांतील पहिल्या पिढीचे विद्यार्थी प्रथमच वर्गात बसून इंग्रजी ऐकू लागले.

९/ १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. योगायोग असा की, त्याच १९५८ मध्ये हैदराबादेत इंग्रजी अध्यापनाची केंद्रीय संस्था सुरू झाली आणि ध्वनिशास्त्र, उच्चार व अध्यापनपद्धती यांचे शिक्षण तेथे मिळू लागले. ज्या राजधानीकडे मराठवाडा दीड-दोन शतके पाहत होता, तेथे ही सोय झाली तेव्हा मराठवाडा त्या राज्यात उरला नव्हता.

१०/ मग वर्गात इंग्रजी शिकवली कशी जात होती? मराठी मुलखात अनेक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढल्या. वाक्य घ्यायचे, शब्दशः अर्थ लावायचा, नियम पाठ करायचा. १९३० च्या दशकात आलेले रेन आणि मार्टिन यांचे व्याकरणही घरोघरी पोहोचले. या पद्धतीचा उपहास करणे सोपे आहे. पण ज्या शाळेत एकच शिक्षक, एकच पुस्तक आणि एकच फळा होता, तेथे तिनेच इंग्रजी शिकवली. तिची मर्यादा एकच होती : तीत भाषा डोळ्यांनी येई, कानांनी नव्हे.

११/ केवळ वाचनावर भर देण्याला वैचारिक आधारही मिळाला होता. ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य मायकेल वेस्ट यांनी १९२६ च्या आपल्या ग्रंथात असे मांडले की, बंगाली विद्यार्थ्याला इंग्रजी बोलण्याची संधी क्वचितच येते, म्हणून त्याला प्रथम वाचता यावे. त्यांनी मर्यादित शब्दसंख्येची श्रेणीबद्ध वाचनपुस्तके सिद्ध केली. कोठारी आयोगानेही (१९६४–६६) इंग्रजीकडे मुख्यतः ग्रंथालयाची भाषा म्हणून पाहिले. हा विचार व्यवहार्य होता. मात्र परीक्षेच्या रेट्यात त्यातील विपुल वाचन गळून गेले. उरली ती ठरावीक धड्यांची ठरावीक उत्तरे.

१२/ जगात अन्यत्र परीक्षा वेगळ्या घडत होत्या. केंब्रिज विद्यापीठाने १९१३ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी प्रावीण्य परीक्षा सुरू केली. ती सुमारे १२ तासांची होती आणि तीत श्रुतलेखन, ध्वनिशास्त्र, प्रकट वाचन व संभाषण यांचा समावेश होता. पहिल्या वर्षी ३ उमेदवार बसले आणि तिघेही अनुत्तीर्ण झाले. तरीही कान आणि जीभ यांची परीक्षा घेता येते, हे तत्त्व तेथे प्रारंभापासून मान्य होते. भारतात लाखो विद्यार्थ्यांची परीक्षा घ्यायची होती. त्यासाठी कागदच सोयीचा होता, आणि कागदावर न उतरणारे कौशल्य हळूहळू अभ्यासातूनही हद्दपार झाले.

१३/ १९७० च्या दशकाच्या मध्यास महाराष्ट्रात १०+२+३ हा आकृतिबंध आला आणि बारावीची परीक्षा निर्णायक ठरली. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. पुढच्याच वर्षी, २००० पासून, राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने बहुभाषिकतेला संपत्ती मानले. अभ्यासक्रमात ‘श्रवण, भाषण, वाचन, लेखन’ हा क्रम पुन्हा प्रतिष्ठित झाला.

१४/ सध्या राज्य मंडळाच्या बारावीच्या इंग्रजीला लेखी ८० आणि तोंडी २० गुण आहेत. लेखी भागात उताऱ्यांचे आकलन, सारांशलेखन, कविता, उपयोजित लेखन आणि कादंबरी. तोंडी भागात श्रवण व संभाषण. हिंगोली जिल्हा छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळाच्या कक्षेत येतो. सेनगावच्या विद्यार्थिनीला आणि मुंबईच्या विद्यार्थिनीला प्रश्नपत्रिका एकच असते. दोघींच्या कानांवर वर्षभर पडणारी इंग्रजी मात्र एकच नसते.

१५/ येथेच या इतिहासाचा खरा पीळ आहे. वाचनात विद्यार्थी थांबू शकतो, मागे जाऊ शकतो, शब्दकोश उघडू शकतो. ऐकलेले वाक्य मात्र निघून जाते. श्रवणाच्या चाचणीत उतारा बहुधा शिक्षकच वाचून दाखवतात, म्हणजे विद्यार्थ्याचे श्रवण शिक्षकांच्या उच्चारावर अवलंबून राहते. आणि ते शिक्षक स्वतः भाषांतराच्या पद्धतीत घडलेले असू शकतात. २० गुणांचा हा विभाग औपचारिकता म्हणून उरकला, तर तोटा शहरी, इंग्रजी कानावर पडणाऱ्या घरातील मुलाचा होत नाही. ज्याला शाळेबाहेर इंग्रजी ऐकायला मिळत नाही, त्याचाच होतो.

१६/ म्हणून जुन्या अनुभवातून निघणारी सरावाची रीत साधी आहे. उतारा प्रथम न पाहता ऐकावा. दुसऱ्यांदा ऐकताना नावे, अंक आणि क्रियापदे टिपावीत. मग मजकूर डोळ्यांसमोर ठेवून काय सुटले ते पाहावे. शेवटी तोच मजकूर मोठ्याने वाचावा. वाचनात आधी प्रश्न पाहावेत, मग उतारा एका दमात वाचावा आणि अनोळखी शब्दाचा अर्थ शेजारच्या वाक्यांतून काढावा. पलटणीतला शिपाई प्रसंगावरून अर्थ ओळखत होता. वेस्ट यांची पुस्तके संदर्भावरून अर्थ लावायला शिकवत होती. दोन्ही वाटा येथे एकत्र येतात. पूर्वी अशा सरावाला जिवंत इंग्रजी आवाज दुर्मिळ होता. आज तो मोबाइलवर मिळतो.

१७/ हिंगोलीजवळचे नर्सी हे संत नामदेवांचे गाव म्हणून ओळखले जाते. कीर्तनातून, म्हणजे ऐकून आणि म्हणून, ज्ञान मिळवण्याची परंपरा या मातीत शतकानुशतके आहे. नवविधा भक्तीतही श्रवणाला पहिले स्थान आहे. तेव्हा येथील मुलांचे कान दुबळे आहेत असे इतिहास म्हणत नाही. तो एवढेच सांगतो की, परकी भाषा त्यांना शंभर वर्षे न ऐकवता शिकवली गेली आणि मग ती त्यांना येत नाही, असे प्रगतिपुस्तकावर लिहिले गेले. तोंडी परीक्षेचे २० गुण हे त्या जुन्या देण्याचा पहिला हप्ता आहेत. उरलेले देणे वर्गात फेडायचे आहे.