हिंगोलीचा ठग, पडद्यावरचा थग

गेल्या दिवाळीत हिंगोलीस बहिणीकडे चार दिवस मुक्काम होता. आमचा भाचा दिवसभर संगणकापुढे बसून कुठल्याशा परदेशी नगरातील गुंडांना लोळवीत असे. एका गुंडाच्या डोक्यावर तरंगणारी अक्षरे वाचून त्याने विचारले, "मामा, थग म्हणजे काय हो?" आम्ही म्हणालो, "ठग." त्याने मान हलवली. "ठग नाही, थग. टी-एच." ठग हा आजीच्या गोष्टीतला आणि थग हा खेळातला, या दोघांचा परस्परांशी संबंध नाही, असे त्याचे ठाम मत होते. त्या क्षणी आम्ही वाद घातला नाही. परंतु ज्या गावी हा संवाद घडला, त्या गावाचे या शब्दाशी असलेले नाते इतके जवळचे आहे की, ते एकदा सविस्तर मांडावे असे तेव्हापासून मनात होते.

प्रथम शब्दाकडे पाहू. संस्कृतात 'स्थग्' हा धातू झाकणे, दडविणे या अर्थाचा. स्थगन, स्थगित ही त्याचीच संतती. दडविणारा, म्हणजे धूर्त, तो 'स्थग'. प्राकृताच्या वाटेने त्याचा 'ठग' झाला आणि मराठीने त्यास 'ठक' करून घेतले. मराठीतला ठक रक्तपिपासू नाही. तो लबाड आहे, फसवतो, क्वचित हसवतोही. ठकवणे, ठकबाजी, ठकास महाठक या प्रयोगांत कुठेही गळफासाची सावली पडत नाही. प्रवाशांचा गळा आवळून त्यांना लुटणाऱ्यांना दक्षिणेत 'फासेगार' हे निराळे नाव होते. इंग्रजांनी ही दोन्ही नावे ऐकली आणि त्यांतले उत्तरेकडचे उचलले. मात्र इंग्रजी जिभेला 'ठ' पेलत नाही. लिहिताना तिने टी-एच लिहिले आणि वाचताना दातांतून उच्चार केला. दीडशे वर्षांनी चित्रपट, गाणी आणि खेळ यांतून तोच शब्द आमच्याकडे परत आला, तेव्हा आमच्या मुलांनी तो जसा ऐकला तसा देवनागरीत 'थग' असा लिहून घेतला. मूर्धन्य वर्ण परदेशी ठेवून दंत्य वर्ण घेऊन आलेला हा शब्द घरचा आहे, हे घरच्यांनाच ओळखू येऊ नये, यात आम्हांस गंमतही वाटते आणि थोडा विषादही.

आता हिंगोली. एकोणिसाव्या शतकात येथे निजामाच्या खर्चाने पोसलेल्या आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली असलेल्या फौजेची छावणी होती. पलटण, रिसाला, तोपखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही वस्त्यांची नावे गावात आजही बोलली जातात. (पलटण युरोपीय भाषांतून आलेली, रिसाला अरबीतून, तोप तुर्कीतून आणि खाना फारसीतून. एका लहानशा गावाच्या गल्ल्यांत केवढे भाषिक संमेलन!) निजामाच्या या फौजेत फिलिप मेडोज टेलर नावाचा एक तरुण अधिकारी होता. त्याने १८३९ साली 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी प्रसिद्ध केली. अमीर अली नावाचा ठग कैदेत बसून एका साहेबाला आपली जीवनकथा सांगतो, अशी तिची रचना आहे. साहित्याचे विद्यार्थी ती कादंबरी वाचतात, तिची प्रस्तावना मात्र बहुधा वगळतात. हिंगोली आहे ती त्या प्रस्तावनेत.

टेलर सांगतो ते असे. त्या भागातील ठगांचा म्होरक्या हरिसिंग हा हिंगोलीतील एक प्रतिष्ठित व्यापारी होता. छावणीतील अनेक अधिकाऱ्यांचा, खुद्द टेलरचाही, त्याच्याशी व्यवहार असे. हिंगोलीपासून फार दूर नसलेल्या एका गावचा व्यापारी मुंबईहून कापड घेऊन येत असल्याची बातमी हरिसिंगाला लागली. तेव्हा त्याने छावणीतील कॅप्टन रेनॉल्ड्स यांच्याकडे अर्ज करून मुंबईहून कापड आणण्याचा परवाना रीतसर मिळवला. मग वाटेत त्या व्यापाऱ्याचा, त्याच्या नोकरांचा आणि बैल हाकणाऱ्यांचा निकाल लावून, त्याच परवान्यावर त्यांचा माल हिंगोलीत आणला आणि भर छावणीत उजळ माथ्याने विकला. पकडला गेल्यावर त्याने स्वतःच हे सांगितले नसते तर कुणाला कधी कळलेही नसते. टेलर म्हणतो, हरिसिंगाला हा एक उत्तम विनोद वाटत होता.

याच टोळीने छावणीच्या बाजारात, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत माणसे मारली आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरली. माफीच्या साक्षीदारांनी थंडपणे जागा दाखविल्या, खड्डे उकरले गेले, एकेकात अनेक देह निघाले. टेलर तेथे हजर होता. जागा होती नदीला मिळणाऱ्या एका कोरड्या ओढ्याच्या पात्रात, शेजारच्या गावाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत. पाहणाऱ्यांना शिसारी येऊन शेवटी शोध थांबवावा लागला. एका लेखकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या त्या उघड्या खड्ड्यांतून एक कादंबरी आली आणि त्या कादंबरीने 'ठग' हा शब्द इंग्रजी वाचकांच्या घराघरांत नेला. तीन वर्षे आधी, १८३६ मध्ये, विल्यम स्लीमनने 'रामसीआना' हा ठगांच्या सांकेतिक बोलीचा कोश कलकत्त्यात छापला होता, हे खरे. परंतु कोश अधिकारी वाचतात आणि कादंबरी सगळे वाचतात.

त्या कोशाविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. रामसी बोलीत टोळीतील प्रत्येकाच्या कामाला निराळे नाव होते. वाटसरूला गोड बोलून सोबतीस घेणारा तो सोठा, गळा आवळणारा तो भुर्तोट, खड्डा खणणारा तो लुघा. आजच्या भूमिकाप्रधान खेळांत चार-पाच जणांचा चमू करून प्रत्येकाला एकेक कसब वाटून दिलेले असते, त्याची आठवण येथे अपरिहार्य आहे. आणि टेलरचा अमीर अली आपल्या हातून झालेल्या हत्यांचा आकडा ७१९ असा सांगतो. बारा वर्षे कैदेत गेली नसती तर हजार भरले असते, ही खंतही बोलून दाखवतो. खेळाच्या पडद्यावर कोपऱ्यात वाढत जाणारी गुणसंख्या आणि हा आकडा यांच्यातले अंतर किती, असा प्रश्न आम्हांस पडला. तो आम्ही वाचकांवर सोडतो.

पुढचा प्रवास भराभर झाला. इंग्रजीत ठग हा आधी विशिष्ट टोळीचा माणूस होता, मग कोणताही दांडगा गुंड झाला. १९८४ साली 'इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम' या चित्रपटाने मूळ टोळी पुन्हा उकरून काढली आणि तिला कालीमातेपुढे नरबळी देणारा भुयारी पंथ करून टाकले. भारत सरकारने चित्रीकरणास संमती दिली नाही, म्हणून श्रीलंकेत काम उरकले. पंथाचा पुजारी मोलाराम आमच्या अमरीश पुरी यांनी साकारला. १९८५ मध्ये अटारी कंपनीने त्याच नावाचा खेळ नाणे टाकून चालवायच्या यंत्रांवर आणला. त्यात नायकाने चाबकाने फटकारायचे ते ठगी पहारेकरी. हिंगोलीच्या ओढ्याकाठचा शब्द अशा रीतीने खेळाच्या पडद्यावर पोहोचला. पुढे २००३ मध्ये टोनी हॉक या स्केटबोर्डपटूच्या नावाचा जो खेळ निघाला, त्याच्या इंग्रजी शीर्षकाची आद्याक्षरे जुळवून खेळणारे त्याला 'थग' म्हणू लागले. त्यात ना फास, ना प्रवासी. शब्दाचे फक्त टरफल शिल्लक होते.

या शब्दाचा एक जुळा भाऊ आहे, त्याचे नशीब मात्र निराळे. इराणातील अलमूत किल्ल्याच्या निझारी इस्माइली पंथीयांना त्यांच्या शत्रूंनी दिलेल्या हिणकस नावातून इंग्रजीतील 'असॅसिन' आला. २००७ पासून निघालेल्या 'असॅसिन्स क्रीड' या मालिकेत तो नायक आहे. त्याला तत्त्वज्ञान आहे, बंधुसंघ आहे, वंशावळ आहे. या मालिकेच्या मुळाशी व्लादिमीर बार्टोल यांची १९३८ची 'अलमूत' ही कादंबरी आहे. तिच्यात त्या माणसांच्या मनात शिरण्याचा यत्न होता. टेलरनेही अमीर अलीला बोलते केले होते, हे आम्ही विसरत नाही. पण टेलरचे वाचक त्याचा मुलगा, त्याची प्रेमप्रकरणे, त्याची भीती विसरले आणि फास तेवढा लक्षात ठेवला. असॅसिनला चेहरा मिळाला. ठगाला मात्र खेळात नावसुद्धा नसते. तो एकामागून एक येतो आणि पडतो.

येथे एक शंका रास्त आहे. टेलर आणि स्लीमन यांचे सगळे म्हणणे जसेच्या तसे खरे मानायचे काय? किम वॅग्नर यांच्या २००७ मधील ग्रंथासारख्या अभ्यासांनी या प्रश्नाची बरीच चिरफाड केली आहे. वाटमारी होती, खूनही होते. पण देशभर पसरलेला, कालीच्या आज्ञेने चालणारा, जन्मजात खुनी असा एकसंध पंथ ही पुष्कळ अंशी माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांतून आणि साहेबांच्या कल्पनेतून उभी राहिलेली आकृती आहे. आम्हांस हे मत पटते. हिंगोलीचा हरिसिंग कापडाच्या लोभाने खून करतो, परवाना मागतो, दुकान थाटतो. त्याच्या हकिकतीत देवीपेक्षा बाजार अधिक आहे. तथापि नाव एकदा चिकटले की त्याचे परिणाम खरे असतात. १८३६च्या कायद्याने एखादा मनुष्य ठगांच्या टोळीचा होता एवढे सिद्ध झाले तरी जन्मठेप शक्य झाली. त्याच विचाराचा विस्तार १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यात झाला आणि अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरल्या. १९५२ साली त्या कागदोपत्री मुक्त झाल्या. लक्ष्मण गायकवाड यांनी १९८७ मध्ये आपल्या आत्मकथनाला 'उचल्या' हेच नाव दिले. लातूरकडच्या त्या पुस्तकाचे शीर्षक म्हणजे दुसऱ्याने चिकटवलेले नाव स्वतःच्या हाताने मुखपृष्ठावर लिहिणे होय. वर्गात 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' शिकवणाऱ्यांनी त्याच्या शेजारी 'उचल्या' ठेवून पाहावे, अशी आमची सूचना आहे.

हिंगोली जिल्ह्यातून पडद्यावर गेलेली किंवा जाण्याजोगी नावे आणखीही आहेत. औंढा नागनाथ हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानले जाते (द्वारकेजवळचे नागेश्वर आणि उत्तराखंडातील जागेश्वर यांचाही तोच दावा आहे, तो वाद येथे नको). ज्योतिर्लिंग म्हणजे प्रकाशाचा, तेजाचा स्तंभ. आणि 'फायनल फँटसी' या जपानी मालिकेत १९९०च्या तिसऱ्या खेळापासून 'शिवा' या नावाने अवतरते ती बर्फाची देवता, तीही स्त्री! अग्नीचे खाते तेथे अरबी कथांतल्या इफ्रिताकडे. आमच्या भाच्याला हे ऐकून फार हसू आले, त्याच्या आजीला आले नाही. नागांचेही तसेच झाले. महाभारतातील वासुकी, तक्षक, कर्कोटक यांना स्वभाव आहेत, वैरे आहेत, जनमेजयाच्या सर्पसत्रात त्यांच्यावर ओढवलेला संहार आहे. १९९९च्या 'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक'च्या तिसऱ्या भागात नाग ही सहा हातांत तलवारी घेतलेली एक सैनिकजात आहे, तर २००३च्या 'वॉरक्राफ्ट'मध्ये समुद्रात बुडून विरूप झालेली वंशावळ. व्यक्तिनाम जाऊन जातिनाम उरणे हा प्रकार येथेही तोच.

त्यातल्या त्यात 'अवतार' हा शब्द सुखरूप पोहोचला म्हणायचा. १९८५च्या 'अल्टिमा'च्या चौथ्या भागात खेळाडूने सद्गुण अंगी बाणवून 'अवतार' व्हायचे होते. वर्षभरानंतर 'हॅबिटॅट' या खेळाने पडद्यावरच्या प्रत्येक बाहुलीलाच अवतार म्हटले. वरून खाली उतरणे हा मूळ अर्थ तेथे अजून जिवंत आहे, उतरणारा मात्र देव नसून दहावीतला विद्यार्थी आहे. हिंगोलीची नदी कयाधू, आणि कयाधू हे प्रल्हादाच्या आईचे नाव. तिच्याच काठी संत नामदेवांचे नरसी, ज्या नावात नरसिंहाचा नाद कानी येतो. येथील मुलांना अवतार शब्द कळण्यासाठी पडद्याची गरज पडू नये.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० मध्ये 'राजी' हा खेळ काढला. दुर्गा आणि विष्णू त्याचे निवेदक, महाबलासुर खलनायक आणि हरवलेल्या धाकट्या भावाचे नाव चक्क गोलू. त्या साध्या घरगुती नावामुळे आम्हांस तो खेळ आपला वाटला. पुराणातली नावे मोठ्यांना आणि हाक मारायचे नाव लहानग्याला, ही आपल्या घरांची रीत त्यात बरोबर उतरली आहे.

भाऊबीजेच्या संध्याकाळी आम्ही भाच्याला हरिसिंगाची सगळी हकिकत सांगितली. त्याने खेळ थांबवून ऐकली. छावणी कुठे होती, ओढा कुठला, हे दोनदा विचारले. मग म्हणाला, "मामा, ज्याचं कापड होतं, त्याचं नाव काय होतं?" ते टेलरने लिहिलेले नाही.