वासा, गाढव आणि १३६ वर्षं

टॉर्टचा पेपर दिलेल्या प्रत्येकाला ‘बटरफील्ड विरुद्ध फॉरेस्टर’ माहीत असतो. १८०९ चा खटला. इंग्लंडमधल्या डर्बीत फॉरेस्टरने घराच्या दुरुस्तीसाठी रस्त्यात वासा आडवा टाकला होता. ऑगस्टमधली संध्याकाळ, आठचा सुमार, दिवेलागण नुकतीच होत होती. बटरफील्ड घोडा भरधाव सोडून आला, वाशाला अडकून पडला, जबर जखमी झाला. साक्षीदार म्हणाला, वासा शंभर यार्डांवरून दिसत होता. झालं, दावा बुडाला. वासा टाकणाऱ्याची चूक होतीच, पण वादीनेही काळजी घेतली नाही, म्हणून एक पैही नाही. हाच अंशदायी निष्काळजीपणाचा बचाव.

माझ्या जुन्या नोट्समध्ये बटरफील्ड ‘दारूडा घोडेस्वार’ होता. पीएचडीला लागल्यावर मूळ रिपोर्ट उघडला. त्यात एवढंच आहे की तो जवळच्या गुत्त्यातून नुकताच निघाला होता. प्यायलेला असल्याचा पुरावा नव्हता. एका शब्दाने काय फरक पडतो? खूप पडतो. दारूडा म्हटलं की निकाल न्याय्य वाटायला लागतो. तो काढा, मग नियमाचा कडकपणा उघडा पडतो.

आणि तो न्यायाधीशांनाही खुपत असावा. १८४२ च्या ‘डेव्हिस विरुद्ध मॅन’मध्ये मालकाने पुढचे पाय बांधून गाढव रस्त्यावर सोडलं होतं. तीन घोड्यांची गाडी वेगात आली, गाढव मेलं. मालकाची चूक असूनही तो जिंकला, कारण गाडीवाल्याला अपघात टाळता आला असता. यातूनच पुढे ‘शेवटची संधी कोणाची’ हा नियम वाढला. मला तो सुधारणेपेक्षा पळवाटच जास्त वाटतो. दोघांची चूक, पण पूर्ण भार एकावरच. फक्त बाजू बदलली.

नुकसान वाटून घ्यायची कल्पना कोणाला सुचलीच नव्हती असंही नाही. जहाजांच्या टकरींमध्ये इंग्लंडची सागरी न्यायालयं ते निम्मं-निम्मं वाटत होती. १९११ च्या कायद्याने ही वाटणी चुकीच्या प्रमाणात व्हायला लागली. रस्त्यावरच्या माणसाला मात्र १९४५ च्या कायद्यापर्यंत थांबावं लागलं. १८०९ पासून मोजलं तर १३६ वर्षं!

भारतात १९४५ सारखा कायदा संसदेने केलेला नाही. तरी मोटार अपघातांच्या दाव्यांत आपली न्यायालयं भरपाई प्रमाणात कापतात. ती हे नेमकं कशाच्या आधारावर करतात, ते शोधायला मी सध्या जुने निकाल चाळतोय.